जात सुटली, मग पगारही सोडला : रेव्हरंड ना. वा. टिळक

नगर : टिळक म्हटलं की आधी लोकमान्य आठवतात. पण नगरच्या मातीत आणखी एक टिळक राबले. फुलामुलांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. ६ डिसेंबर ही त्यांची जयंती.

१८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षण नाशिकला. संस्कृत पक्कं, कविताही करायचे. नोकरी एका जागी टिकायची नाही, पण चार लोकांत मान होता.

पुढे राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या साहेबाशी गप्पा रंगल्या. उतरताना त्याने नवा करार हातात दिला. वाचतो असा शब्द दिला होता, म्हणून टिळकांनी पुस्तक उघडलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच मन अडकलं. जातिभेद त्यांना आधीपासूनच खुपत होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ पंगत बंद, नातीगोती बंद.

सगळ्यात मोठा घाव बसला तो पत्नी लक्ष्मीबाईंना. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून संसार मोडला. त्या नातलगांकडे, पंढरपूरला राहिल्या. ही ताटातूट चार-पाच वर्षं चालली. मग त्या नगरकडे परत आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू त्यांच्याच मनातली जात गळून पडली आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने लिहून ठेवलंय.

नगरला टिळकांचा जम बसला. मिशनचं काम, 'ज्ञानोदय'चं लिखाण, हक्काचा पगार. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात आणि कीर्तनात आणली. तुकोबांची वाट त्यांनी सोडली नव्हती. बालकवी ठोंबरेही काही काळ त्यांच्या घरी राहिले.

एवढी घडी बसल्यावर कुणीही म्हणेल, आता निवांत राहावं. पण १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. पगारी धर्मसेवक म्हणून नाही, तर संन्याशासारखं लोकांत जायचं ठरवलं. साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांना तिथे जागा होती.

पहिल्यांदा सोडली ती जातीची सावली. दुसऱ्यांदा सोडला तो मिशनचा आधार, आणि ते जास्त अवघड होतं, कारण या वेळी कुणी बाहेर काढलं नव्हतं.

दरबार फार दिवस चालवता आला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धंच राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. ज्या वाटेमुळे एकदा त्यांचा संसार मोडला होता, त्याच वाटेवरचं उरलेलं काम त्यांनी तडीस नेलं.