माणिकबागेतल्या खुर्च्या

रिक्षावाल्याला नुसतं 'एमवाय' म्हटलं की तो नेमका हॉस्पिटलशी आणून सोडतो. हे एमवाय म्हणजे महाराजा यशवंतराव होळकर, दुसरे. जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव १९२६ मध्ये पायउतार झाले आणि गादी या शिकत्या मुलाकडे आली.

ऑक्सफर्डला असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराशी मैत्री जुळली. १९३० मध्ये सत्ता हाती आली आणि त्याच्याकडूनच त्यांनी इंदुरात माणिकबाग सजवून घेतली. इतर संस्थानिकांच्या घरी सोनेरी नक्षीचं फर्निचर. इथे मात्र साध्या, सरळ रेषा. वाचनासाठी दिवे बसवलेल्या लाल खुर्च्या मुथेसियसने केल्या. आयलीन ग्रेची 'ट्रान्सॅट' पॅरिसहून आली: लाकडी सांगाड्यावर लाखेचं काम, त्यात झोळीसारखी चामड्याची बैठक. हे घर यशवंतराव आणि कागलच्या संयोगिताराणी यांचं. १९३७ मध्ये राणीसाहेब ऐन तारुण्यात गेल्या. पुढे संस्थान विलीन झालं, १९६१ मध्ये महाराजही गेले.

१९८० मध्ये मोनॅकोत या सामानाचा लिलाव झाला. बसून वाचायच्या त्या खुर्च्या आता संग्राहकांच्या झाल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरलं. आणि आपल्याकडे? माणिकबागेत सरकारी कर-कार्यालय आहे. यशवंतरावांचं नाव आपण रोज घेतो, तेही दोन इंग्रजी अक्षरांत. त्यांची आवड काय होती, हे मात्र इंदूरकरांना कुणी सांगतच नाही.