प्रतिध्वनीचे धन्वंतरी : डॉ. इयान डोनाल्ड

कुंभाराकडून मडके घेताना घरातील वडीलधारी स्त्री त्यावर बोटाने टिचकी मारते आणि कान देते. नाद खणखणीत आला तर मडके घरी येते. बद्द आला तर कोठेतरी तडा गेला आहे असे समजून ती ते बाजूस ठेवते. डोळ्यांस न दिसणारा दोष ध्वनीने ओळखण्याची ही युक्ती फार जुनी आहे. तिच्याच जातीची एक युक्ती आईच्या उदरातील बालकाच्या कामी लावणाऱ्या एका वैद्याचे चरित्र आम्ही येथे आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

इयान डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील लिस्कर्ड या गावी झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे आणि वैद्यकाचे. आई पियानोवादनात निपुण. पुढे वडिलांच्या प्रकृतीमुळे हे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे १९२७ साली घरात घटसर्प शिरला. आई गेली, आणि काही महिन्यांतच वडीलही गेले. पोरक्या झालेल्या या मुलाने केप टाउन येथे फ्रेंच, ग्रीक, इंग्रजी आणि संगीत हे विषय घेऊन पदवी मिळविली. कलाशाखेकडे जाणाऱ्या मुलांकडे हल्ली जरा कीव केल्यासारखे पाहतात. आम्ही स्वतः त्याच शाखेचे असल्यामुळे ही गोष्ट सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, हे कबूल केलेले बरे.

वैद्यकाची पदवी त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयातून १९३७ साली घेतली. महायुद्धात ते वायुदलात डॉक्टर होते. बाँब घेऊन आलेले एक विमान पेटले असता ते आत शिरले आणि अडकलेल्या वैमानिकांना त्यांनी बाहेर काढले. त्याबद्दल त्यांना सन्मानपदक मिळाले. पण वायुदलाने त्यांना याहून मोठी एक देणगी दिली. रडारने आकाशातील विमान आणि सोनारने पाण्याखालील पाणबुडी कशी हुडकतात, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

१९५४ साली ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी गर्भस्थ बालकाची परीक्षा म्हणजे पोटावरून फिरणारा हात आणि पोटाला लावलेली नळी. क्ष-किरण होते, परंतु ते हाडे दाखवीत, हृदयासारखा मऊ अवयव नव्हे. शिवाय गर्भात असताना ज्यांच्यावर क्ष-किरण पडले, त्या मुलांत कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळतात, असे ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी १९५६ साली दाखवून दिले.

ग्लासगोजवळ रेनफ्रू येथे बॅबकॉक अँड विलकॉक्स या कंपनीचा बाष्पकांचा कारखाना होता. तेथे लोखंडाच्या सांध्यातील तडे ध्वनिलहरींनी शोधीत असत. २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड तेथे गेले ते दोन मोटारींत शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी भरून! तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. भरीव गाठ आणि पाणी भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी अगदी निराळे आले. पुढे टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि डॉ. जॉन मॅकव्हिकार यांची साथ मिळाली. पोटातील असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती, अशा एका स्त्रीच्या पोटात केवळ द्रवाने भरलेली गाठ असल्याचे यंत्राने सांगितले. ती काढली आणि बाई वाचली. मग टवाळी करणारेही थबकले. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तिघांचा लेख आला. सोनोग्राफीस जाताना भरपूर पाणी पिऊन यावयास सांगतात, हे आमच्या वाचकांच्या घरांतील स्त्रियांना ठाऊक असेल. भरलेल्या मूत्राशयातून पलीकडचा गर्भ स्पष्ट दिसतो, हाही डोनाल्ड यांचाच शोध.

या पायावर इतरांनी जे उभारले, त्यांतील गर्भाच्या हृदयाचे मोजमाप आम्हांस सर्वांत नवलाचे वाटते. विसाव्या आठवड्यात ते हृदय जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असते आणि मिनिटास सुमारे १४० वेळा धडधडते. शरीरातून ध्वनी सेकंदास सुमारे १५४० मीटर धावतो. म्हणजे हृदयाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भिंतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींत अंतर पडते ते सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी अवघ्या सव्वीस भागांचे! एवढ्यावरून यंत्र चित्र रेखाटते. चारही कप्पे एकदम दिसतील अशा ठिकाणी, हृदय पूर्ण फुललेले असतानाच्या क्षणी चित्र थांबवितात आणि हृदयाचे माप छातीच्या मापाशी ताडून पाहतात. निरोगी गर्भात हृदयाचा परीघ छातीच्या परिघाच्या सुमारे निम्मा भरतो. क्षेत्रफळ घेतले तर हृदयाने छातीचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापलेला दिसतो. त्याहून ते बरेच मोठे दिसले, तर बालकाच्या अंगी रक्त कमी असेल किंवा झडप गळत असेल, अशी शंका येते. रक्त कमी असल्याचे ठरले तर गर्भाशयातच, नाळेतून, बालकास रक्त देता येते. सुई कोठे जाते आहे तेही हेच यंत्र दाखविते.

ह्याच यंत्राने मुलगी आहे की काय हे पाहून तिला जन्मच नाकारणारे आपल्या देशात निघाले आणि १९९४ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. गर्भपाताला आयुष्यभर विरोध करणाऱ्या डोनाल्ड यांच्या यंत्राच्या वाट्याला हे यावे, याचे आम्हांस फार दुःख होते.

स्वतः डोनाल्ड यांचे हृदय मात्र अधू होते. त्याच्यावर तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. प्रत्येक वेळी ते उठले आणि पुन्हा कामावर रुजू झाले. १९७६ साली निवृत्त झाल्यावर पियानो, जलरंग आणि शिडाची होडी हे त्यांचे सोबती होते. १९ जून १९८७ रोजी एसेक्स परगण्यातील पॅगल्शॅम या खेड्यात त्यांचे निधन झाले.