दिवाणगिरी सोडून वस्तूंत रमलेले सालारजंग

हैदराबादेत आम्हा मराठी कुटुंबांकडे पाहुणे आले की चारमिनार, गोळकोंडा आणि सालारजंग म्युझियम ही तीन ठिकाणे ठरलेली. म्युझियममध्ये आपण त्यांना तासाचे टोले देणारे घड्याळ दाखवतो, संगमरवरी बुरख्यातली रिबेका दाखवतो आणि बाहेर येऊन चहा घेतो. ज्यांचे नाव दारावर आहे त्यांच्याविषयी मात्र, नवाब होते, श्रीमंत होते आणि वस्तू जमवल्या, एवढेच आपल्याला सांगता येते. त्या माणसाची थोडी ओळख करून घ्यावी, म्हणून हा लेख.

आधी एक घोटाळा दूर करू. सालारजंग तीन झाले. पहिले मीर तुराब अली खान. १८५३ पासून १८८३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे ते निजामाचे दिवाण होते आणि राज्याचा विस्कटलेला महसुली कारभार त्यांनी मार्गी लावला. दुसरे त्यांचे चिरंजीव मीर लायक अली खान. तेही काही काळ दिवाण होते. तिसरे म्हणजे नातू मीर युसूफ अली खान. म्युझियम ओळखले जाते ते मुख्यतः या तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहामुळे.

त्यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी झाला, आणि तोही पुण्यात. हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. बाळ महिन्याचे होण्याआधीच वडील तिथेच वारले. घराण्याचा मान, जहागीर आणि आजोबांच्या नावाचे ओझे, सगळे त्या तान्ह्या मुलाकडे आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्याच्याकडे लक्ष दिले. जहागीर मोठी होती. तीत कोप्पळ आणि यलबुर्गा होते, कोसगी होते, आणि आपल्या मराठवाड्यातले अजिंठाही होते. ज्या लेण्यांची चित्रे पाहायला जगभरातून लोक येतात, त्यांच्या परिसरातला सारा याच घराण्याकडे जमा होत असे.

१९११ मध्ये मीर उस्मान अली खान सातवे निजाम म्हणून गादीवर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी युसूफ अली खान यांना दिवाण नेमले. तेव्हा सालारजंगांचे वय होते तेवीस. निजामाच्या खालोखाल राज्यातला हा सर्वांत मोठा हुद्दा. आजोबांनी तो तीस वर्षे सांभाळला होता. नातवाने नोव्हेंबर १९१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो सोडला आणि पुन्हा सरकारी पदाच्या वाटेला ते गेले नाहीत. त्यांनी लग्नही केले नाही. पुढची जवळजवळ चौतीस वर्षे त्यांनी एकाच गोष्टीला दिली: कलेच्या वस्तू आणि पुस्तके.

मुसीच्या दक्षिण तीरावर, नयापुलाजवळ त्यांचा वाडा होता, दिवाण देवडी. आज तिथे दुकानांची दाटी आहे. त्या काळी देशोदेशीचे व्यापारी आपला माल घेऊन या देवडीत येत. स्वतः सालारजंग युरोपात आणि मध्यपूर्वेत फिरले आणि तिथूनही वस्तू आणल्या. घरात आधीपासूनचा वारसा होताच. बुरख्यातली रिबेका आजोबांनी १८७६ मध्ये रोममध्ये खरेदी केली होती. इटलीच्या बेंझोनी या शिल्पकाराने एकाच दगडातून चेहराही घडवला आणि त्यावरचा झिरझिरीत पडदाही. नातवाने या वारशात किती भर घातली हे आकड्यांवरून कळते. आज संग्रहात सुमारे ४३,००० कलावस्तू, ९,००० हस्तलिखिते आणि ४७,००० छापील पुस्तके आहेत. जहांगीरची कट्यार आणि नूरजहानची फळे कापायची सुरी इथे आहे. सुलतान अल्तमशचे नाव कोरलेली, हिरव्या जेड दगडाची ग्रंथ ठेवायची घोडीही इथे आहे.

हे सगळे थोर कलेचे नमुने. पण त्यांची आवड तेवढ्यावर थांबत नव्हती. हातात धरायच्या काठ्या, लहान मुलांची खेळणी, चिनी मातीची भांडी, घड्याळे, हस्तिदंती काम, कापड, शस्त्रे असे सर्व काही त्यांनी घेतले. जाणकार म्हणतात की त्यात सरस वस्तूंबरोबर साधारणही आल्या. ते खरे असेल. पण कोणाच्या तरी हाताने मन लावून केलेली वस्तू दिसली की ती घ्यावीशी वाटणे, हा त्यांचा स्वभाव होता. राजाची कट्यार आणि मुलाचे खेळणे एकाच छपराखाली आले ते त्यामुळे.

इथली कारागिरीही त्यात आली. म्युझियममधले बिदरी कामाचे दालन आपण सहसा घाईत पार करतो. तिथे जरा थांबावे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे ओततात. त्यावर बारीक छिन्नीने नक्षी कोरतात. त्या खाचांत चांदीची तार किंवा पातळ पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचे पाणी लावतात. त्याने धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. बिदर, पैठणीचे पैठण, हिमरूचे औरंगाबाद आणि लाकडी खेळण्यांचे निर्मळ ही सगळी गावे तेव्हा एकाच निजामी राज्यात होती. आपल्या आज्यांच्या पेटीतली पैठणी आणि मुस्लिम शेजाऱ्यांच्या घरातले बिदरी पानदान ही एकाच राज्यातल्या कारागिरांची कमाई.

२ मार्च १९४९ रोजी सालारजंग वारले. वय एकोणसाठ. पोलीस कारवाईला सहा महिनेही झाले नव्हते. राज्य बदलले होते, जहागिरींचे दिवस संपत आले होते, आणि देवडीच्या खोल्या हजारो वस्तूंनी भरलेल्या होत्या. मूलबाळ नव्हते. लांबचे नातेवाईक मात्र अनेक होते. या सगळ्याचे मालक कोण, हा प्रश्न लगेच उभा राहिला.

बँकेत नोकरी केलेल्या आम्हा लोकांना इथे काय होते ते सांगायला नको. मालक गेल्यावर वारस जमतात, वाटण्या होतात, आणि ज्याच्या वाट्याला जे येते ते तो विकतो. चौतीस वर्षांत एकत्र आलेले चौतीस आठवड्यांत पांगते.

इथे तसे झाले नाही. मालमत्ता सांभाळण्यासाठी समिती नेमली गेली. त्या वेळचे मुख्य प्रशासक वेल्लोडी यांनी पुढाकार घेतला आणि कलेचे अभ्यासक डॉ. जेम्स कझिन्स यांना वस्तूंची मांडणी करायला सांगितले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच म्युझियम सुरू झाले. पण मालकीचा प्रश्न तसाच होता. तो सुटला १९५८ मध्ये. वारसांनी तडजोडीचा करार केला आणि संपूर्ण संग्रह भारत सरकारला दिला. १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली आणि १९६८ मध्ये संग्रह दारुलशिफाच्या आजच्या इमारतीत आला.

सालारजंगांचे मोठेपण आहेच, पण त्या वारसांचे ऋणही आपण मानले पाहिजे. एकाने आयुष्यभर जमवले. इतरांनी हक्काचे असूनही सोडले. दोन्ही झाले म्हणून आज तिकीट काढून कोणालाही ते पाहता येते.

पुण्यात जन्मलेल्या या हैदराबादकराच्या आयुष्याचा आपल्या घरांशीही संबंध आहे. आपण नवाब नाही, पण आपल्या माळ्यावर पितळी समया आहेत, आजीची पैठणी आहे, आजोबांनी जपलेले जुने दिवाळी अंक आणि ग्रंथ आहेत. मुले बेंगळुरूला किंवा परदेशात. आपल्यानंतर यातले काय कोणाकडे जावे, हे आपणच हयातीत ठरवायला हवे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपला सारा संग्रह हयातीतच सरकारच्या स्वाधीन केला आणि दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने ते संग्रहालय आजही उभे आहे. एक वही घ्यावी. वस्तू कोणती, कोठून आली, कोणी वापरली आणि पुढे कोणाकडे जावी, एवढे चार रकाने पुरेत. पुस्तके असतील तर आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला आधी विचारावे.

आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की शुक्रवार टाळून म्युझियमला जावे, कारण त्या दिवशी ते बंद असते. घड्याळाचे टोले ऐकावेतच. पण त्याआधी नातवंडांना बिदरी दालनात न्यावे आणि काळ्या धातूत चांदी कशी बसवली असेल, ते त्यांनाच विचारावे.