कुकाई : काना लिपीशी नाव जोडले गेलेले भिक्खू

परळ-लालबागच्या आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना वरळीचे जपानी बुद्ध मंदिर ठाऊक आहे. ते निचिरेन परंपरेचे. आज आम्ही लिहीत आहोत ते निचिरेन यांच्याही सुमारे चारशे वर्षे आधीच्या भिक्खूंविषयी. कुकाई, म्हणजेच कोबो दाइशी. काना ही जपानी लिपी त्यांनीच बनवली, असे जपानमध्ये कित्येक शतके मानले गेले.

कुकाई ७७४ मध्ये शिकोकू बेटावर जन्मले. सरकारी अधिकारी घडवणारे राजधानीतले शिक्षण अर्धवट टाकून ते धम्माकडे वळले. ८०४ मध्ये राजदूतांच्या ताफ्याबरोबर चीनला गेले. चांगआन शहरात आचार्य हुइगुओंकडून दीक्षा घेतली आणि नालंदेत शिकलेल्या प्रज्ञ या भिक्खूंकडे संस्कृतचा अभ्यास केला. ८०६ मध्ये परतताना त्यांच्याजवळ सिद्धम् लिपीतले ग्रंथ होते. सिद्धम् ही ब्राह्मीच्याच वंशातली. कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेल्या अक्षरांशी तिचे नाते आहे.

जपानी भाषेला तेव्हा स्वतःची लिपी नव्हती. हजारो चिनी अक्षरे पाठ करावी लागत, आणि तेवढी सवड व ऐपत वरच्या घरांतच असे. निव्वळ उच्चारासाठी चिनी अक्षरे वापरण्याची पद्धत मात्र कुकाईंच्या आधीच रुळली होती. तीच अक्षरे भराभर लिहिता लिहिता हिरागाना झाली. भिक्खूंनी सूत्रांच्या ओळींलगत उच्चार टिपताना अक्षराचा एखादा तुकडाच ठेवला, त्यातून काताकाना आली. हिरागानाला तर बायकांची लिपी म्हणत. त्याच लिपीत मुरासाकी शिकिबूंनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'गेंजी'ची कथा लिहिली.

म्हणून संशोधक कुकाईंना कानाचे जनक मानत नाहीत, आणि आम्हालाही तेच पटते. अनित्यतेवरची 'इरोहा' ही कविताही त्यांच्या नावावर आहे. तिच्यात ४७ अक्षरे प्रत्येकी एकदाच येतात. पण तीही नंतरची. अनेक अनाम हातांचे काम एका महापुरुषाच्या खात्यात टाकण्याची सवय चळवळीत आपल्यालाही आहे.

त्यांचे खरे देणे दुसरेच. जपानी मुले आजही आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असे घोकतात. 'सा'च्या जागी आपला च-वर्ग आणि 'हा'च्या जागी प-वर्ग ठेवून पाहा (तो उच्चार पूर्वी 'प' होताच), आपलीच वर्णमाला ऐकू येईल. हा क्रम भिक्खूंच्या सिद्धम्-अभ्यासातून आला, आणि त्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत कुकाई अग्रणी होते.

८२८ मध्ये त्यांनी क्योतोत शाळा काढली. चांगआनमध्ये वस्तीवस्तीत शाळा होत्या, इथे गरिबाच्या मुलाला दार बंद, हे त्यांना खुपत होते. त्यांच्या शाळेत कुळ विचारले जात नव्हते, आणि शिक्षक-विद्यार्थी दोघांच्याही जेवणाची सोय होती. सिद्धार्थ कॉलेजच्या अकराशे वर्षे आधीची ही गोष्ट.

८३५ मध्ये कोया पर्वतावर त्यांचे निधन झाले. पुढच्या दहा-बारा वर्षांत शाळा बंद पडली. सिद्धम् अक्षरे मात्र जपानच्या दफनभूमींतल्या लाकडी फळ्यांवर अजून लिहिली जातात.