आपल्या बहिणाबाई

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली. लिहिण्यात उणे असेल ते पदरात घ्यावे. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना तर अक्षरओळखही नव्हती.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म आपल्या जवळच्याच आसोद्याला १८८० साली, महाजनांच्या घरी झाला. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधऱ्यांची सून झाल्या. तिशीच्या सुमारास कपाळाचे कुंकू गेले. पदरी तीन लेकरे आणि शेतीचे कष्ट. तरी दळताना, रांधताना, शेतात राबताना जे दिसले, सोसले, ते त्यांनी आपल्या लेवा बोलीत गाण्यात बांधले.

ती गाणी वाऱ्यावर गेली असती. चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनी काही उतरून ठेवली, म्हणून राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

तिकडे अमेरिकेत एमिली डिकिन्सन ही शिकलेली बाई. तिच्याही शेकडो कविता घरातच पडून होत्या. १८८६ साली ती गेल्यावर बहिणीच्या हाती लागल्या.

आपल्या सासवा-आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या कोण उतरून ठेवणार? जाती गेली, गाणाऱ्याही चालल्या. माझी विनंती एवढीच, की या वर्धापनदिनी मंडळाने एक वही घालावी आणि प्रत्येकीने आठवेल ती ओवी, म्हणणारीच्या नावासह, तीत लिहावी.