यंत्राआधी गणित मांडणारे कोसंबी

पुण्यातील 'सी-डॅक'मध्ये २०२० साली उभारलेल्या 'परम सिद्धी-एआय' या महासंगणकात ३३६ ग्राफिक्स कार्डे बसविण्यात आली. पडद्यावर चित्रे दाखविण्यासाठी नव्हे, तर निव्वळ आकडेमोडीसाठी घडविलेल्या यातील प्रत्येक कार्डात ५४ अब्ज ट्रान्झिस्टर, ६,९१२ गणनकेंद्रे आणि ४० गिगाबाइट मेमरी आहे. कमाल ४०० वॅट विजेवर ते सेकंदाला ९.७ लाख कोटी काटेकोर गणिते करू शकते. अवाढव्य माहितीतून मोजके मुख्य घटक वेगळे काढणे हे अशा यंत्रांचे नेहमीचे काम. त्यामागील एक पायाभूत गणित मात्र १९४३ मध्येच पुण्यातील एका प्राध्यापकाने मांडले होते. ते प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

बौद्ध धर्माचे व्यासंगी अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे हे पुत्र. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते मायदेशी परतले. बनारस व अलिगढ येथे अध्यापन केल्यानंतर १९३३ पासून त्यांनी बारा वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले. याच काळात तक्षशिलेची प्राचीन नाणी तराजूत तोलून, झिजेमुळे घटलेल्या वजनावरून ती किती काळ चलनात होती, याचा हिशेब त्यांनी मांडला. हजारो नोंदींची ही आकडेमोड संगणकाविना झाली.

१९४३ च्या शोधनिबंधात त्यांनी गुंतागुंतीच्या बदलत्या राशी थोड्या स्वतंत्र घटकांत मांडण्याची रीत दिली. काही वर्षांनी कार्हुनेन आणि लोएव यांनी स्वतंत्रपणे तीच वाट चोखाळली. जगात ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. गणित हाती होते, ते वेगाने सोडविणारे यंत्र नव्हते. १९४८-४९ मध्ये 'युनेस्को'च्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत जाऊन कोसंबींनी इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास केला.

१९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. घर पुण्यातच असल्याने 'डेक्कन क्वीन'ने त्यांचे जाणे-येणे असे. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा आग्रह धरणारे हे स्पष्टवक्ते व्यक्तिमत्त्व होते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, पुण्यातील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

इतिहासकार कोसंबी सर्वांना ठाऊक आहेत. गणिती कोसंबींचे ऋण मात्र अद्याप पुरतेपणी मोजले गेलेले नाही.