जॅक ट्राइस याचे दोन सामने

अमेरिकेंतील फुटबॉल म्हणजे आपल्या शाळांतील मुलें पायांनीं खेळतात तो खेळ नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. तेथें चेंडू अंडाकृति असतो, तो बहुधा हातीं धरून पळावयाचें असतें, आणि प्रतिपक्षाच्या अकरा जणांनीं पळणाऱ्यास अंगाच्या बळानें खालीं पाडावयाचें असतें. जॅक ट्राइस ज्या जागीं खेळे तिला टॅकल म्हणतात. प्रतिपक्षाकडे चेंडू असतां पुढील रांगेंत उभें राहून चालून येणारांची वाट अडविणें हें त्या गड्याचें काम. कॉलेजच्या मुख्य संघांतून तो दोनच सामने खेळला.

ओहायो राज्यांतील हायरम या लहानशा गांवीं १९०२ सालीं त्याचा जन्म झाला. बाप ग्रीन ट्राइस हा पूर्वी सैन्यांत शिपाई होता. मुलगा सात वर्षांचा असतां तो वारला. गांवांत कृष्णवर्णी कुटुंबें फारशीं नव्हतीं. मुलाला आपल्या लोकांचें जीवन कळावें म्हणून आई ॲना हिनें त्यास क्लीव्हलंड शहरीं नातलगांकडे धाडलें. त्या विधवेस हें सोपें गेलें नसेल.

क्लीव्हलंडच्या शाळेंतील त्याचे खेळाचे शिक्षक सॅम विलमन यांची १९२२ सालीं आयोवा राज्यांतील एम्स येथील शेतकी कॉलेजांत नेमणूक झाली, तेव्हां त्यांच्यामागें गेलेल्या गड्यांत जॅक होता. त्या कॉलेजचा तो पहिला कृष्णवर्णी खेळाडू. गुलामगिरींत जन्मलेले व भुईमुगाच्या संशोधनानें नांवाजलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच कॉलेजांत शिकले होते. जॅकनें पशुसंवर्धन हा विषय घेतला. शिकून दक्षिणेकडे जावें आणि आपल्या जातीच्या गरीब शेतकऱ्यांस ती विद्या द्यावी, असा त्याचा बेत होता. पैशांसाठीं तो शिकतां शिकतां काम करी. १९२३ च्या उन्हाळ्यांत कोरा मे हिच्याशीं त्याचा विवाह झाला.

पहिला सामना सिम्प्सन कॉलेजशीं झाला, तो एम्सनें जिंकला. दुसरा ६ ऑक्टोबर १९२३ रोजीं मिनियापोलिस येथें मिनेसोटा विद्यापीठाशीं होता. आदल्या रात्रीं हॉटेलच्या कागदावर त्यानें स्वतःसाठींच कांहीं ओळी लिहिल्या. आपल्या वंशाची, घराण्याची व स्वतःची अब्रू उद्यां पणास लागली आहे, सर्वांची आपल्याकडून मोठी अपेक्षा आहे, असा त्यांचा आशय होता. पुढें कोणत्या डावास कसें अडवावें याच्या सूचना होत्या. एकवीस वर्षांच्या मुलावर साऱ्या वंशाचा भार कां पडावा, असें आम्हांस वाटतें. पण ज्या वाचकांचा मुलगा सबंध वस्तींतून पहिलाच शाळेच्या बाकावर बसला असेल, त्यांना हें समजावून सांगावयास नको.

सामन्याच्या आरंभींच त्याच्या हांसळीचें हाड मोडलें. तरी तो खेळतच राहिला. उत्तरार्धांत प्रतिपक्षाचे गडी थव्यानें चालून आले असतां त्यांना अडविण्यासाठीं त्यानें आडवें अंग टाकलें, आणि तो पाठीवर उताणा पडला. अनेक जण त्याला तुडवून गेले. हें बुद्धिपुरस्सर झालें कीं खेळाच्या भरांत, याविषयीं पाहणारांत तेव्हांपासून मतभेद आहे. मिनेसोटानें सामना २० विरुद्ध १७ असा जिंकला. तेथील इस्पितळांत डॉक्टरांनीं त्याला प्रवासाची परवानगी दिली, आणि गवताच्या गादीवर निजवून त्याला आगगाडीनें परत आणलें. हा निर्णय आम्हांस सर्वांत अधिक खटकतो. पोटांत व फुप्फुसांत रक्तस्राव झाला होता. कोरा मे बिछान्याजवळ आली तेव्हां त्यानें तिच्याकडे पाहिलें, पण बोलतां आलें नाहीं. ८ ऑक्टोबर रोजीं दुपारीं, कॉलेजच्या मनोऱ्यांतील घंटेचे तीन ठोके पडले त्या सुमारास, तो गेला.

दुसऱ्या दिवशीं वर्ग बंद ठेवून सुमारें चार हजार लोक अंत्यविधीस जमले. त्याच्या कोटाच्या खिशांत सांपडलेल्या त्या ओळी अध्यक्ष रेमंड पिअरसन यांनीं तेथें वाचून दाखविल्या. देह हायरम येथें आईच्या गांवीं पुरला.

पुढें कैक वर्षें त्याचें नांव मागें पडलें. १९७३ च्या सुमारास विद्यार्थ्यांनीं नव्या क्रीडांगणास त्याचें नांव द्यावें अशी चळवळ आरंभिली. क्रीडांगण १९७५ सालीं खुलें झालें, पण नांव मिळावयास १९९७ साल उजाडलें. मिनेसोटाशीं मात्र एम्सचा संघ १९८९ पर्यंत पुन्हां खेळला नाहीं. मृत्यूला शंभर वर्षें झालीं त्या २०२३ सालीं कॉलेजनें त्याला पशुसंवर्धनाची पदवी दिली, आणि ती त्याच्या घराण्यांतील एका नातलगानें स्वीकारली.